पाचवा होकार

खोलीत चार माणसं होती, चार माईक, एक गिटार, एक बेस, एक ढोल, भिंतींवर आवाज शोषायला टांगलेल्या अकरा गोधड्या आणि एक दार. 'होय म्हाराजा' म्हणणारे पाच होते.

ऋजुता परबने हेडफोन काढला आणि माणसं पुन्हा मोजली. वैजू, रुझार, बाबल आणि ती स्वतः. 'तिरफळ' बँडमध्ये एवढीच माणसं. गाणी वैजू लिहायची आणि गायची, रुझार गिटार वाजवायचा, बाबल ढोल. ऋजुताकडे बेस होता, आणि पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केल्यामुळे रेकॉर्डिंगही तिच्याच गळ्यात पडलं होतं. कुडाळजवळच्या एका बंद पडलेल्या काजूच्या गोदामात वरची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती.

"पाचवो कोण?" तिने विचारलं.

"माझा पोट असात," बाबल म्हणाला. "सकाळपासून उपाशी ठेवलास."

कोणी फारसं हसलं नाही, कारण तिने तोवर तो आवाज स्पीकरवर लावला होता. चौघांच्या जरा मागून, ओलसर, तोंडात पान धरून बोलावं तसा: होय म्हाराजा.

गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण मागणं मांडतो आणि वाक्य संपलं की जमलेले सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. नव्या गाण्याच्या मधोमध वैजूने तसंच एक गाऱ्हाणं घातलं होतं. आमचं गाणं दूरवर पोचू दे, हे मागणं. बदल्यात काय वाहायचं ते मात्र तिला सुचलं नव्हतं. शब्द सुचले नाहीत की तिरफळवाले जागा भरायला हाताला लागेल ती ओळ टाकत आणि खऱ्या ओळीची वाट बघत. मागच्या गाण्याच्या धृपदात कितीतरी दिवस 'बटाटावडा, बटाटावडा' होतं. या वेळी वैजूने टाकलं होतं, 'वाहू तुका आमचो एक गळो रे म्हाराजा.' चालीत चपखल बसलं. चौघांनी हसू दाबत होकार भरला होता.

ऋजुताने पडद्यावर आवाजांच्या रेघा मोठ्या केल्या. पाचवा तिच्या माईकवर पस्तीस मिलिसेकंद उशिरा पोचला होता. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटर जातो.

"आपल्याबरोबरच बोलला असेल तर तो बारा मीटरवर आहे," ती म्हणाली.

"खोली चार मीटरची आसा गो," रुझार म्हणाला.

तिने मोजपट्टी काढली. एक टोक रुझारने धरलं, दुसरं घेऊन बाबल दाराकडे चालत गेला. बराच वेळ चालत राहिला. दारापाशी पोचला तेव्हा अंगठ्याएवढा दिसत होता.

"तेरा!" तो तिथून ओरडला. मग धावत परत आला आणि ढोलाच्या मागे जाऊन बसला. "थंय कोणतरी श्वास घेता," तो म्हणाला.

रुझारने गळ्यातला क्रूस शर्टाबाहेर काढला. "ती फाइल आधी पूस."

ऋजुताने पुसली. मग चौघांनी हेडफोन घातले, आणि पुसलेलं गाणं त्यांत होतंच. गाऱ्हाणं आलं, वचन आलं, पाच होकार आले. तिने पुन्हा मोजलं. वीस मिलिसेकंद. सात मीटर. मोजपट्टीने खोली आठ मीटर भरली. मागची भिंत पुढे आली होती आणि दार भिंतीबरोबर आलं होतं. गोधड्या अकराच होत्या.

"ऐकलं की तो जवळ येतो," ऋजुता म्हणाली. "कोणी हेडफोन घालू नका."

पण हेडफोन स्टँडवर टांगलेले असतानाही त्यांतून बारीक आवाजात गाणं सुरूच होतं, आणि ऐकू न येण्याइतकी मोठी ती खोली आता राहिली नव्हती.

बाबलने मामाला फोन लावला. मामा गावात गाऱ्हाणं घालायचा. बाबलने सगळं सांगितलं, ओळीसकट. पलीकडून शिवी आली, ती सगळ्यांनी ऐकली.

"पुन्हा गाऱ्हाणं घाला," मामा म्हणाला. "नारळ बोला, गोडाचो निवेद बोला, कायव बोला, पण चुकलंव म्हणा. आणि पयल्यांदा जेवढे होय म्हणाले तेवढे सगळे परत होय म्हणाक व्हये. एकव कमी नको."

"म्हणजे चौघे," बाबल म्हणाला.

फोन बंद झाला होता.

ऋजुता चारही माईकवरचे उशीर जुळवत होती. चार अंतरं मिळाली की जागा काढता येते. तिने कागदावर टिंबं दिली. बारा मीटर, सात, आता चार. टिंबं एका रेषेत होती आणि रेषा सरळ वैजूच्या स्टुलाकडे जात होती.

वैजूने कागद पाहिला. तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "माका दुसरा कायच येणा नाय गो, ऋजू," ती म्हणाली. "गाणी गावचा सोडून."

ऋजुताने आपला माईक उचलला आणि त्या रेषेवर, वैजूच्या स्टुलापुढे ठेवला. तिथेच ती बसली.

"तू थंय बसा नको," वैजू म्हणाली.

"मोजायचं तर माईक वाटेत हवा," ऋजुता म्हणाली. "आणि मी कुठे गाते? माझा गळा घेऊन काय करणार तो?"

तिची पाठ वैजूकडे होती. समोर दार होतं, आणि दारापर्यंत जायला आता दोन पावलं पुरली असती. दोन पावलं टाकायला कोणीही उठलं नाही.

वैजूने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, लेकरांची चूक झाली, ती पदरात घे. गळ्याच्या जागी पाच नारळ आणि गोडाचो निवेद मान्य कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. बाबलने स्पीकर लावायला सांगितलं. होकार येताच तो बोटं दुमडत गेला आणि करंगळी उरल्यावर थांबला.

"चार! चारच! गेलो मेलो!"

रुझार हसायला लागला. वैजू उगाचच एक तान घेऊन बघत होती. तान स्वच्छ लागली. तिने मागून ऋजुताला मिठी मारली. "वाचलंव गो!"

पहिल्यांदा पाच जण होय म्हणाले होते, आताही पाच यायला हवेत, असं ऋजुताला सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय गो?" वैजूने विचारलं.

ऋजुता पडद्याकडे वळली आणि एकेक माईक सुटा ऐकवत गेली. वैजूच्या माईकवर वैजू होती. रुझारच्या माईकवर रुझार, बाबलच्या माईकवर बाबल. मग तिने स्वतःचा माईक लावला. ओलसर आवाज आला, तोंडात पान धरल्यासारखा: होय म्हाराजा.

बाबलने दुमडलेली बोटं सोडली नाहीत.

तिने रेघ मोठी केली. उशीर अर्धा मिलिसेकंद. म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर. तिने मोजपट्टी घेतली, एक टोक माईकच्या जाळीला लावलं आणि दुसरं स्वतःच्या ओठांपर्यंत ओढलं.

साडेसतरा.