इंदूचा पहिला बहार

गुणवंताजी सोमकुवर रिटायर होऊन कैक वर्षं झाली, पण त्यांचे हात काही रिटायर व्हायला तयार नव्हते. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ते सौंसरला लेकीकडे आले आणि आल्या आल्या त्यांनी दाराच्या कड्या बदलल्या, विहिरीवरचा रहाट सरळ केला, आणि जावई देवीदासची सायकल अशी काही दुरुस्त केली की एकदा ब्रेक लागला की सुटायचं नावच घेईना. देवीदास तहसील कचेरीत बाबू. गरीब माणूस, तो मुकाट्यानं पायी कचेरीत जाऊ लागला. सासऱ्याला बोलायची टाप फक्त लेकीची, इंदूची.

"बाबा, बसा ना बाप्पा एका जागी! काहून घरभर फिरून राहिले?"

"बसून काय करू?"

"आराम करा."

"आराम करू करू पाठ दुखून राहिली माही."

मागच्या साली त्यांची बायको सुशीलाबाई गेल्या आणि पांढुर्ण्याचं घर त्यांना खायला उठलं. म्हणून कुलूप घालून ते इथं आले. पण इथं तरी कुठं जीव लागत होता! पहाटे उठून अंगणात येरझारा, मग गावातून चक्कर, मग बस स्टँडवर उगाच उभं राहायचं, छिंदवाड्याची बस आली, नागपूरची गेली, बघून परत यायचं. रस्त्यात कुणी "जयभीम सुभेदार साहेब" म्हटलं की तिथंच त्याला थांबवायचं. "सुभेदार नाही, हवालदार होतो. जे नव्हतो ते कशाला म्हणता?" तो बिचारा आपला ओशाळून जायचा.

हवालदार होते ते सफरमैना पलटणीत. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांनी जमिनीतले सुरुंग काढले. परत आल्यावर शिकले, सिंचन खात्यात ओव्हरसियर म्हणून लागले आणि इंजिनियर होऊन निघाले. जन्मभर एकच काम केलं, पाणी जिथं नाही तिथं न्यायचं. नाला अडवायचा, पाट काढायचा, कोरड्या वावरात पाणी शिरलं की काठावर उभं राहून बघायचं. अशा माणसाच्या नजरेसमोर घराला लागून असलेला इंदूचा संत्र्याचा बगीचा सुकत होता, आणि इंदूनं तो मुद्दाम सुकत ठेवला होता.

संत्र्याची ही रीतच आहे. मृगाचा बहार घ्यायचा तर भर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. झाड तहानतं, पानं वळतात, खाली गळतात, आणि मग मृगाच्या तोंडावर पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. मधेच कुणी पाणी दिलं तर मात्र खेळ खलास. मग फूल नाही, नुसती नवती फुटते, कोवळा कोवळा पाला. गुणवंताजींना हे काय ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. नोकरीत असताना शेतकऱ्यांच्या सभेत त्यांनी स्वतः उभं राहून हे सांगितलं होतं. पण सभेत सांगणं वेगळं आणि त्या झाडांच्या मधून रोज चार वेळा फिरणं वेगळं.

"इंदू, ते कोपऱ्यातलं झाड मरते बरं."

"नाही मरत."

"अगं, पानं पाह्य ना त्याचे! पुंगळ्या झाल्या."

"बाबा!" इंदूनं हातातली टोपली खाली ठेवली. "मले का बरं वाटून राहिलं? पहिले दोन उन्हाळे कंबरेवर घागरी आणून पाजलं मी यायले. आता पहिला बहार हाय. एवढे दिवस कळ काढली, थोडे राहिले. त्या मोटरीले हात लावू नोका, पाया पडतो तुमच्या."

पहिला बहार. इंदूसाठी त्या दोन शब्दांत सगळं आलं. तिचा जेठ भाऊराव, म्हणजे देवीदासचा मोठा भाऊ, त्याचं वावर बांधाला लागून. त्यानं झाडं लावायच्या दिवसापासून तोंड सोडलं होतं, की बाईच्या हातानं बगीचा होत नसतो, सरपण होते. नवरा कचेरीत, सासर हसायला बसलेलं, आणि ही बाई एकटी कुदळ घेऊन सहा वर्षं त्या झाडांमागं लागलेली. यंदा फूल आलं तर तिचं नाव होणार होतं, नाहीतर भाऊराव जन्मभर बोलायला मोकळा.

गुणवंताजींनी मान डोलावली. हात नाही लावणार, म्हणाले. आणि मनापासून म्हणाले.

पण बगीच्यातल्या फेऱ्या थांबेनात. दुपारी डोळा लागला की त्यांना पलटणीतला गुलाब दिसे.

गुलाब रामाकोना गावचा. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच ताटलीत जेवले. वाळवंटात एका दिवशी सुरुंग काढता काढता गुलाबच्या जवळचा सुरुंग उडाला आणि त्याच्या पोटाला लागलं. डॉक्टर साहेबांनी बजावलं, पोटाला लागलेल्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, दिलं की मरेल. गुणवंताजींच्या कमरेला पाण्याची भरलेली बाटली होती. गुलाब मागत राहिला. आधी हक्कानं मागितलं, मग शिव्या घातल्या, मग लहान लेकरासारखा रडला. गुणवंताजींनी फडकं ओलं करून ओठाला लावलं, बस तेवढंच. दिवस बुडायच्या आत गुलाब गेला. डॉक्टरचं काही चुकलं नव्हतं, गुणवंताजींचंही चुकलं नव्हतं. हीच तर पंचाईत होती! कुणाचंच चुकलं नव्हतं आणि माणूस तहानलेला गेला होता.

लढाई सरल्यावर ते रामाकोन्याला गेले. गुलाबची माय अंबाबाई लढाईचं काही बोलली नाही, कसा गेला तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पाणी भेटलं होतं का रे बाबू त्याले?"

"हाव माय. भेटलं," गुणवंताजी म्हणाले. म्हातारीनं डोळे पुसले आणि त्यांना जेवायला वाढलं. तो घास अजून त्यांच्या घशात अडकला होता. सुशीलाबाईंनाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

मेच्या मध्यावर देवीदासच्या भाचीचं लग्न निघालं, पांढुर्ण्यालाच. इंदू म्हणाली, चला बाबा, तुमच्याच गावाले लग्न हाय. गुणवंताजी नको म्हणाले. तिथं लोक माईक हातात देणार, सुभेदार साहेब दोन शब्द बोला म्हणणार. "मी घर राखतो," म्हणाले. सकाळच्या बसनं सगळे गेले.

दुपार झाली. ऊन असं की अंगणात पाय ठेववेना, पण म्हातारा बगीच्यातच. कोपऱ्यातल्या त्या झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता. त्यांनी फांदीला हात लावला तर चार पानं हातात आली. तेवढ्यात विहिरीवरच्या खोलीतला दिवा लागला. दिवस दिवस न येणारी लाईन नेमकी तेव्हा यायची होती!

एकाच झाडाला, असं ते मनाशी म्हणाले. एका आळ्यात पाणी गेल्यानं काय बिघडतं? त्यांनी बटण दाबलं. मोटर घरघरली, दांडातून पाणी पळालं आणि कोपऱ्यातल्या आळ्यात शिरलं. जमीन पाणी पिताना आवाज करते, तो आवाज त्यांनी कैक दिवसांनी ऐकला. मग शेजारचं झाड. आता त्याला कसं नाही म्हणावं? त्याच्या शेजारी तिसरं होतंच. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण कुदळ घेऊन असा धावला, असा धावला! या आळ्याचं तोंड फोड, त्याचं बुजव. सदरा काढून फेकला. चिखलानं पोटऱ्या माखल्या आणि म्हातारा एकटाच हसत होता. सुशीलाबाई गेल्यापासून एवढं बरं त्यांना वाटलं नव्हतं.

खालचा तुकडा, म्हणजे अर्धा बगीचा, पुरा ओलीत झाला आणि लाईन गेली. मोटर थांबली. लाईन गेली म्हणून वरचा तुकडा वाचला, एरवी तोही गेला असता.

मोटरीचा आवाज थांबला तशी त्यांना जाग आल्यासारखी झाली. त्यांनी वळून पाहिलं. झाडामागं झाड, प्रत्येकाच्या बुडाशी पाणी चकाकत होतं. आपण काय करून बसलो हे त्यांना कळलं आणि ते तिथंच बांधावर बसून राहिले.

इंदू दिवस मावळताना आली. फाटकातच थबकली. ओल्या मातीचा वास तिला आधी आला. तशीच लग्नातल्या लुगड्यानिशी धावत खालच्या तुकड्यात गेली, एका आळ्यात हात घातला आणि दुसऱ्या क्षणाला ओरडली, "कुदळ आणा! फोडा, आळे फोडा!"

शेवटच्या काही आळ्यांत पाणी अजून उभं होतं. बापलेक दोघं तुटून पडले. ती घमेल्यानं पाणी उपसून बांधापलीकडे फेके, ते कुदळीनं कड फोडून पाणी बाहेर काढत. जन्मभर पाणी झाडापाशी नेणारा माणूस झाडापासून पाणी काढत होता. बहुतेक पाणी मुरून गेलं होतं. अंधारलं तशी इंदूनं घमेलं फेकून दिलं.

"अर्धा गेला," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांदा ताण बसवाले दिवस नाही राहिले. काहून केलं बाबा असं? तुमाले समजत नाही असंही नाही! दुसऱ्यानं केलं असतं तं मुंडकं मुरगाळलं असतं मी."

मग गुणवंताजींनी सांगितलं. उभ्या उभ्या, तुटक तुटक, गुलाबचं सगळं सांगितलं. बाटली, फडकं, अंबाबाई. देवीदास मागं येऊन उभा होता, तो खाली पाहू लागला. इंदूनं शेवटपर्यंत ऐकलं, पण तिच्या तळपायाची आग मस्तकात गेलेली.

"गुलाबकाका तहानेनं गेले, तं त्यात माह्या झाडायनं काय केलं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा पिशवी भरून बस स्टँडकडे निघाला, तर ती फाटकात आडवी.

"कुठं चालले?"

"पांढुर्ण्याले."

"नुकसान करून पळून जाता? फौजेत हेच शिकवलं? चला घरात. जे केलं ते डोळ्यानं पाहाचं आता."

ते राहिले. ते दिवस कसे काढले त्यांचं त्यांना ठाऊक. वरचा तुकडा वाळत होता, त्याच्यापासून तोंड फिरवता येईना आणि खालच्याकडे तोंड करवेना. भाऊराव बांधावर उभा राहून खाकरायचा, हसायचा. इंदू त्याला चोख उत्तर द्यायची, पण घरात आली की बोलायची नाही. जूनमध्ये तिनं ताण तोडला, पाणी सोडलं. पुढं वरचा तुकडा फुलला, असा फुलला की घरात बसल्या वास येई आणि भाऊरावानं बांधाकडे यायचं सोडलं. खालच्या तुकड्यात एक फूल नाही. नुसती गर्द हिरवी, तजेलदार पानं.

आणि गंमत पाहा, रस्त्यानं जाणारे लोक थांबत ते खालच्याच तुकड्यापाशी. एका दुपारी दोघंजण थांबले. "काय हिरवागार बगीचा हाय वो बाई! कोणाची मेहनत?"

इंदू निंदत होती. मान वर न करता म्हणाली, "माह्या बापाची."

माणसं कौतुक करत पुढं गेली. गुणवंताजी झाडाआडच होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चिडवून राहिली का मले?"

"चिडवूनच राहिली. मंग काय करू?" ती उठली, हात झटकले आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. "बाबा, एक विचारू? गुलाबकाकाले पाणी दिलं असतं तं ते वाचले असते?"

"नाही."

"अन् नाही दिलं तरी?"

"तरी नाहीच."

"मंग द्याचं होतं ना बाबा," इंदू म्हणाली. "झाडं काय, पुढच्या साली फुलतीन. त्याले द्याचं होतं."

डॉक्टर, हुकूम, नियम, सगळं गुणवंताजींनी चाळीस वर्षं मनाशी हजारदा मांडून पाहिलं होतं. एवढं साधं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं, त्यांनी कुणाला म्हणू दिलं नव्हतं. ते त्या हिरव्या झाडांत मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले, भर दुपारी, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. पुढं गेलेली माणसं मागं फिरली. काय झालं वो बाई, कुणाले काही चावलं का?

"काही नाही, जा तुमी," इंदू गुणवंताजींच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. "माहा बाप हाय."