हकीम मूसाचं पाणी

शुक्रवारी आखातातल्या मआमीर गावात एका खोलीबाहेर सुट्टीवरचे कामगार आणि बायकापोरांची झुंबड उडायची. आत हकीम रहिमतुल्ला ग्लासात स्वच्छ पाणी ओतायचा आणि आजाऱ्याच्या हाती नळी द्यायचा. "फूंको. यहूदी हकीम मूसा बिन मैमून सुलतान का इलाज करता था. उसी का नुस्खा है. बीमारी पानी में उतरेगी."

फुंकलं की पाणी दुधासारखं व्हायचं. मग रहिमतुल्ला मूसाच्या नावाचा ताईत बांधायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "अब दवा खलास."

नऊ वर्षांच्या फिजाला दमा होता. सित्र्याच्या तेलशुद्धीकरण कारखान्याकडून धुरकट वारा आला की तिची छाती वाजायची. मी मार्सेलिना, मूळची वसईची, इथं दवाखान्यात नर्स. फिजाच्या आईला, हुस्नाला, दम्याच्या औषधाचा पंप कसा द्यायचा ते मीच शिकवलं होतं. पण तिनं फिजाला हकिमाकडे नेलं आणि ताईत बांधल्यावर पंप फेकून दिला. मी रागावले आणि नवा दिला, तर म्हणाली, "सिस्टर, आजार पान्यात उतरलेला मी माज्या डोल्यांनी बघितला." नवा पंप कपाटात पडून राहिला.

पुढच्याच आठवड्यात फिजाला आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. आम्ही शर्थ केली, पण ती गेली. मला रडू आवरेना.

दफनानंतर तिचा बाप जमालुद्दीन माझ्याकडे आला. "पानी तर पांढरा झाला होता सिस्टर. मग पोरगी कशी गेली?"

मी पानाला लावायचा चुना पाण्यात ढवळला, खाली बसू दिला आणि वरची निवळी ग्लासात ओतून नळी पुढं केली.

"आता तुम्ही फुंका, जमालुद्दीनभाई."

त्यानं फुंकलं. पाणी पांढरं झालं.

"मला कुठं दमा हाय?" तो पुटपुटला.

मी समजावलं, की हकिमाचं पाणी म्हणजे हीच चुन्याची निवळी, आणि कुणाच्याही श्वासातल्या वायूनं ती अशीच पांढरी होते. खऱ्या मूसानं दम्यावर लिहिलं ते स्वच्छ हवेबद्दल आणि खाण्यापिण्याबद्दल. धर्मावर लिहितानाही त्यानं ताईत लिहिणाऱ्यांना वेड्यातच काढलं होतं.

पुढच्या शुक्रवारी जमालुद्दीननं भर गर्दीत रहिमतुल्लालाच फुंकायला लावलं. पाणी पांढरं झालं.

"तुमको भी दमा है, हकीमसाब?"

बायका पोरांच्या गळ्यातले ताईत सोडू लागल्या.

लोकहो, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एखाद्या धडधाकट माणसावर तो करून बघा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून फेकू नका. एवढं केलं असतं तर आमची फिजा आज शाळेत असती.