सासूबाई धारेवर

शनिवारी नवऱ्याचा पाय जिन्यात मुरगळला आणि सूनबाईच्या रविवारचं कसं होणार, हा प्रश्न घरात उभा राहिला. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. आठवडाभर अंधाऱ्या खोलीत "आता दिसतंय? आणि आता?" असं विचारून विचारून तिचा जीव घुसमटून जायचा. म्हणून नवरा-बायको दर रविवारी डोंगर चढणाऱ्या क्लबबरोबर बाहेर पडायची. उद्या तर वर्षातली सगळ्यात लांब वाट होती. जंगलातून वर चढायचं, डोंगराच्या धारेने शिखरामागून शिखर ओलांडत जायचं आणि पार पलीकडे उतरायचं.

"तू जाऊन ये," सुजलेला पाय उशीवर ठेवून नवरा म्हणाला.

"एकटी?"

"एकटी कशाला? मी येते की!" आतून सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. पोस्टाच्या काउंटरवरून निवृत्त झाल्यापासून सासूबाईंनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. डबे वरच्या फळीवरून खाली आले होते आणि सूचना मात्र दिवसभर वरून खाली येत होत्या. त्यातून सुटका म्हणजे रविवार, तोही गेला! पण नाही कसं म्हणणार? तोवर सासूबाई मुलाचे बूट आपल्या पायात बसावेत म्हणून त्यांत पुढे मोजे कोंबायला लागल्याही होत्या.

सकाळी क्लबच्या प्रमुखांनी सासूबाईंना नखशिखांत न्याहाळलं. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर, पण सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. "आजी, वाट अवघड आहे हं," ते म्हणाले.

"मला आजी म्हणायला तुम्ही काय दुपट्यात आहात?" सासूबाईंनी विचारलं. कॅप्टनच्या डोक्यावर काळा केस शोधूनही सापडला नसता. मंडळी खो खो हसली आणि सूनबाईला कुठे तोंड लपवू असं झालं.

जंगलात नुसता चिखल होता. मुळांवरून पाय घसरत होते, बांबूच्या पानांवरून पाणी मानेवर टपकत होतं. सूनबाई झपझप पुढे निघून गेली. मागून "पाणी पी गं!" आणि "जळवा बघ पायाला!" असे आवाज येत राहिले, ते हळूहळू विरले. तिला हायसं वाटलं.

ते फार टिकलं नाही. धारेच्या अरुंद टप्प्याआधी कॅप्टन सगळ्यांना गोळा करत आणि मगच स्वतः पुढे राहून सगळ्यांना एकामागोमाग नेत. सासूबाई धापा टाकत आल्या आणि नेमक्या सुनेच्या मागे उभ्या राहिल्या.

आता एक गोष्ट क्लबमध्ये कोणालाच ठाऊक नव्हती. असल्या जागी सूनबाई नवऱ्याच्या सॅकचा पट्टा घट्ट धरायची आणि नजर त्या पट्ट्यावरून काढायची नाही. आज पट्टा नव्हता. ती निम्मी वाट गेली, तेवढ्यात ढग फाटले आणि दोन्ही बाजूंची दरी थेट तळापर्यंत उघडी पडली. तिचे पाय जागच्या जागी खिळले.

"थांबू नका, चालत राहा!" पुढून कॅप्टन ओरडले.

"काय गं, काय झालं?" मागून सासूबाई.

"आई, पाय... पायच उचलत नाहीये."

आता भाषण ऐकावं लागणार, असं तिला वाटलं.  पण सासूबाई हळूच म्हणाल्या, "माझे तर मघापासून लटपटतायत. म्हटलं, तुला कशाला कळू द्यायचं."

"तुम्हालाही भीती वाटते?"

"अगं, मी घरात स्टुलावर चढत नाही! डबे खाली का आणले, तुला काय वाटलं?"

सूनबाईला हसू फुटलं. "मग आलात कशाला?"

"दर रविवारी तू अशी उजळून घरी येतेस. म्हटलं, तिथं आहे तरी काय ते बघावं. चल, बस खाली."

आणि त्या स्वतः धप्पकन बसल्या. सूनबाईही बसली. दोघी हाताचा टेकू घेत बूड घासत पुढे सरकू लागल्या.

"हे काय चाललंय?" कॅप्टन ओरडले.

"पलीकडे पोचणं चाललंय!" सासूबाईंनी तिथूनच सांगितलं.

मागे एक धिप्पाड बँक मॅनेजर होते. बर्फातल्या शिखरांच्या गोष्टी सांगून ते सगळ्यांचे कान किटवत. "गुडघा जरा धरलाय," असं पुटपुटत तेही बसले. मग त्यांच्यामागची शिक्षिका बसली, तिच्यामागचे दोघे बसले. बघता बघता अर्धा क्लब धारेवर ओळीने सरकत होता आणि हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली होती. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या कॅप्टनवर वाऱ्याचा झोत आला, तसे तेही पटकन खाली बसले.

"काय कॅप्टन?"

"वारा आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

पलीकडच्या गवतावर सगळ्यांनी ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. सासूबाईंची विजार मागून पार विरली होती. सूनबाईने आपलं जाकीट त्यांच्या कमरेला बांधून दिलं. समोर हिरव्या रांगा एकीमागून एक पसरल्या होत्या आणि त्यांच्या सावल्या दरीत उतरत होत्या. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. त्यांनी चक्क एकही सूचना केली नाही.

परतीच्या बसमध्ये त्या सुनेच्या खांद्यावर डोकं टाकून घोरू लागल्या. तेवढ्यात नवऱ्याचा मेसेज आला: "आईला झेपलं का? घाबरली नाही ना?"

सूनबाईने एका हाताने लिहिलं, "छे! एकदम धीट." मग फोन सीटवर ठेवला. खांद्याला मुंग्या आल्या होत्या, पण घर येईपर्यंत तिने तो हलवला नाही.