चंपीच्या घशातली सुई

जानराव पापाला फार भिणारा माणूस. अंगणात विंचू निघाला तरी तो चिमट्यात धरून नाल्यापलीकडे सोडून यायचा आणि वर शेजाऱ्यांच्या शिव्या खायचा. घरातली मांजर मात्र त्याला डोळ्यांसमोर नको असे. आपल्या हातून मांजर मेली तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते, हे त्याने लहानपणी ऐकलं होतं. म्हणून तो चंपीला कधी हातसुद्धा लावत नसे. लिलाबाईचा मात्र तिच्यावर जीव. दोन्ही लेकी सासरी गेल्यापासून दिवसभर बोलायला तिला चंपीच होती. जानराव बोलायचा, पण तो देवाशी.

दुष्काळ सरल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. लिलाबाई ओसरीवर जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत बसली होती. दूध उतू चाललं म्हणून ती आत पळाली. परत येऊन पाहते तर चंपी मान वाकडी करून ओकाऱ्या काढतेय, तोंडातून लाळ गळतेय आणि लाळेबरोबर वीतभर पांढरा दोरा लोंबतोय. सुईचा पत्ता नाही.

"अवो, चंपीनं सुई गिळली!"

तिने असा टाहो फोडला की शेजारचा भाऊसिंग आंघोळ अर्धवट टाकून धावत आला. आला तो थेट दोऱ्यालाच हात घालायला निघाला. "थांबा वहिनी, एका हिसक्यात काढतो."

"हात लावू नको!" जानराव ओरडला. "तुह्या हिसक्यानं मेली तं?"

"मंग भाकरीचा गोळा चारा. सुई खाली उतरन."

"आन् त्यानं मेली तं?"

"मंग काय तिच्याकडं पाहत बसाचं?" लिलाबाई कडाडली आणि लगेच रडायला लागली. चंपी तिच्या मांडीवर तोंड घासत होती.

जानरावला ते पाहवेना. त्याने बाजाराची पिशवी आणली. "टाक हिच्यात. वाशीमले जाऊ, ढोराच्या दवाखान्यात."

शिरपूरहून वाशीमला जाणाऱ्या गाडीत लोकांनी हसून घेतलं. ढोराच्या दवाखान्याला चाललात, मग बैल कुठं हाय, असं एकाने विचारलंही. पिशवी लिलाबाईच्या मांडीवर होती आणि जानराव दर खड्ड्याला पिशवीकडे पाहत होता.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. "दोरा कुणी ओढला नाही ना?" त्याने पहिलं हेच विचारलं.

"नाही जी."

"खायला काही?"

"तेही नाही."

"फार शहाणपणा केलात. ओढला असता तर सुई आणखी रुतली असती."

शहाणपणा कसला, जानरावची नुसती पाचावर धारण बसली होती.

डॉक्टरने बॅटरीच्या उजेडात चंपीचा घसा पाहिला. "दिसतेय सुई. चिमट्याने निघेल. पण कुणीतरी हिला घट्ट धरायला हवं. हलली, तर जिवाचं सांगता येत नाही."

"साहेब, मांजरीचं पाप मले नोको," म्हणत कंपाउंडर दाराशी सरकला.

"माह्याजवळ द्या," लिलाबाईने पदर खोचला. तिने हात पुढे केले.

जानरावने ते हात बाजूला सारले. "तू भाईर हो."

"तुमी धरता?"

"भाईर हो म्हटलं ना!"

त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्यात चंपीला गुंडाळलं आणि छातीशी आवळून धरलं. तिचं काळीज त्याच्या बोटांखाली भराभर उडत होतं. एवढ्याशा जिवाला आपण इतकी वर्षं भ्यालो, याची त्याला लाज वाटली. "मरू नको वं माय," तो पुटपुटला. चिमटा आत गेला तशी चंपीची नखं दुपट्ट्यातून त्याच्या दंडात रुतली. तो तसूभर हलला नाही. सुई दोऱ्यासकट बाहेर आली तेव्हा त्याच्या सदऱ्याची बाही लाल झाली होती.

बाहेर पायरीवर लिलाबाई पदराने त्याचा दंड पुसू लागली. चंपी पिशवीत निपचित झोपली होती.

"तुमाले तं पापाचं एवढं भेव. काहून धरली मंग?"

"भेव अजूनही हाय," जानराव म्हणाला. "पण तुह्या हातात तिचा जीव गेला असता, तं तू जलमभर आपल्या हाताकडं पाहत बसली असती."

गाडीत बसल्यावर लिलाबाईने चंपीला पिशवीतून काढलं आणि त्याला न विचारता त्याच्या मांडीवर ठेवलं.