मास्टरमधला खोकला

संगणकाच्या पडद्यावर पुन्हा तोच सूचनेचा डबा आला, लाल फुलीचा. भाईदासने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. दोष चष्म्यात नव्हता हे त्यालाही कळत होतं, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"नाना, आता?" दीपमालाने विचारलं. ती शाळेची संगणकाची बाई. सकाळपासून त्याच्या खुर्चीमागे उभीच होती.

"आता चहा," भाईदास म्हणाला. "यंत्र अडलं की माणसाने आधी चहा प्यावा. म्हणजे यंत्राला वाटतं, याला काही घाई नाही."

दीपमालाला हसू आलं नाही. घाई होतीच. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या मुलींच्या निवासी शाळेत सोमवारी तपासणीची माणसं येणार होती. लॅबमधले सगळे संगणक चालू दिसले तर टायपिंगच्या परीक्षेचं केंद्र इथेच मिळणार. नाही दिसले तर पोरींनी धुळ्याला जायचं. आणि पाड्यावरचे आईबाप पोरीला एकटीला धुळ्याला धाडत नाहीत, हे दीपमालाने आपल्याच घरात पाहिलं होतं. तिची थोरली बहीण तिच्यापेक्षा जलद टाइप करायची. ती आज दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जाते.

आज शनिवार होता.

काम तसं सरळ होतं. एक संगणक नीटनेटका तयार करायचा, तो मास्टर. त्यात टायपिंगचा प्रोग्राम, मराठी कीबोर्ड, सगळं भरायचं. मग त्या यंत्राला स्वतःचं नावगाव विसरायला लावायचं, आणि त्याची जशीच्या तशी इमेज काढून बाकीच्या सगळ्या संगणकांत ओतायची. मास्टर तयार होता. टायपिंगचा प्रोग्राम भरायला नाशिकहून माणूस आला होता, भरून गेला, आता पुढच्या आठवड्याशिवाय यायचा नव्हता. म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून मांडायची सोय नव्हती. आणि यंत्र तर नावगाव विसरायलाच तयार नव्हतं. विसर म्हटलं की लाल फुली.

भाईदासने पेनड्राइव्ह बदलून पाहिला. डिस्क तपासली. जोडलेल्या वायरी काढून पुन्हा घातल्या. अर्धं आयुष्य टेपरेकॉर्डर उघडण्यात गेलेलं, त्यामुळे काहीही बिघडलं की त्याचा हात आधी वायरीकडे जायचा.

चहा पिताना त्याला पारोळ्याचं दुकान आठवलं.

बसस्टँडसमोर पत्र्याची टपरी होती, त्याची आणि मगनची. अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी भरून द्यायचे. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की टपरीसमोर जत्रा. माहेरी आलेल्या लेकीबाळींना झोक्यावरची गाणी हवी असायची, ज्या घरी हळद लागलेली असायची त्यांना लग्नाची. बायकांना टपरीत बसवून गाणी म्हणायला लावायची, ती एका चांगल्या कॅसेटवर घ्यायची, आणि त्या मास्टरवरून बाकीच्या भरायच्या. गाणं चालू असलं की दोघं श्वास धरून बसत. एकदा अशाच भर रंगात आलेल्या गाण्यात, दोन कडव्यांच्या मधे, मगनला खोकला आला. साधासुधा नाही, पोटातून आलेला. पुन्हा गायला बायका तयार नव्हत्या, त्यांची बस निघायची होती. म्हणून तसंच ठेवलं. मग काय, जितक्या कॅसेटी निघाल्या तितक्यांत मगनचा खोकला. पारोळ्यात खोकला, अमळनेरात खोकला, सुरतेला कामाला गेलेल्या खानदेशी माणसांच्या खोल्यांत खोकला. एका लग्नात तर वाजंत्रीवाल्यांनी त्या खोकल्यावर ढोलाची थाप बसवली, असं मगन पुढे कितीतरी वर्षं सांगत असे.

कॅसेटी गेल्या, टपरी गेली. भाईदास धुळ्याला जाऊन संगणक दुरुस्त करू लागला. मगन या संस्थेत आला आणि चढत चढत तिचा सचिव झाला. आता त्याला सगळे आबा म्हणत. कडक माणूस. गावातले पत्त्यांचे अड्डे त्यानेच बंद पाडले होते, अगदी आखाजीच्या दिवशीचेसुद्धा. खानदेशात आखाजीला पत्ते नाहीत म्हणजे पोळ्याला बैल नाहीत, पण आबांच्या पुढे बोलणार कोण? हे कामही भाईदासला त्यानेच बोलावून दिलं होतं.

तेवढ्यात आबा दारात आलेच. पांढरे कपडे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"झालं का रे?"

"नाही. मास्टर तयार करून मी गेलो, त्यानंतर याला कोणी हात लावला होता का?"

"कोण लावणार?" आबांनी जुडगा वाजवला. "खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. मधल्या आखाजीला तर दीपमालाही गावी गेली होती."

"मग दोष मशीनचा," भाईदास म्हणाला आणि पुन्हा खुर्चीत बसला.

"नाना, त्या डब्यात खाली काहीतरी लिहिलंय," दीपमाला म्हणाली. "नोंद पाहा म्हणतंय. पाहायची का?"

"पाहू. ती नोंद म्हणजे एरंडोलच्या बाजारातली गर्दी असते, पण पाहू."

त्याला ती कुठे सापडते हे ठाऊक होतं, तिला इंग्रजी भरभर वाचता येत होतं. तो खाली खाली सरकवत गेला, ती वाचत गेली. शेवटी शेवटी ती थांबली.

"एक प्रोग्राम एकाच वापरणाऱ्यासाठी टाकलाय, सगळ्यांसाठी नाही. म्हणून विसरता येत नाही, असं म्हणतंय."

"कोणता?"

दीपमालाने नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "मेंढीकोट. पत्त्यांचा खेळ आहे, नाना. मी नाही हो टाकला. आबा, देवाशप्पथ, मी नाही."

आबा कूलरकडे पाहू लागले.

भाईदासने खेळ उघडला. हिरवं टेबल आलं, चार बाजूंना चार जण. खेळणाऱ्यांची नावं आपल्या मर्जीने टाकता येत होती आणि कोणीतरी ती टाकली होती. खाली मगन. डाव्या हाताला अभिमन, उजव्या हाताला प्रेमराज, पारोळ्याच्या टपरीवर पत्ते खेळणारे जुने सोबती. आणि मगनच्या समोर, भिडूच्या जागी, भाईदास.

त्याने पडदा पटकन आपल्याकडे वळवला.

"दीपमाला, शेवंताबाईंना सांग, आबांनाही चहा पाहिजे. आणि घाबरू नकोस. तुझं यात काही नाही."

शेवंताबाई स्वयंपाकघरात, अंगणाच्या पलीकडे. दीपमाला तिकडे गेली. दोघेच उरले तसे आबा शेजारच्या खुर्चीवर टेकले. खुर्चीवर टेकताच ते आबा राहिले नाहीत.

"आखाजीले मोबाइलनं नेट जोडं," मगन हळूच म्हणाला. "आठे, या खोलीमा, थंडगार वाटे. सारं गाव ज्याना त्याना घरमा."

"आन् पत्ते?"

"पत्ते शेतस. पण कोणसंगे खेळू? अभिमन देवाघर गया. प्रेमराज पोऱ्याकडे सुरतले. आन् तू तर धुळ्याहून येस कधी?"

दर आखाजीला मगनचा फोन यायचा आणि दर आखाजीला दुकानात काही ना काही काम असायचं.

"मी कसा खेळस यामा?" त्याने विचारलं.

"गाढवसारखा. हुकूम दाबीसन बठस. पयले बी तसाच खेळे."

भाईदास हसला. पडद्यावर अर्धा राहिलेला डाव होता. अभिमन आणि प्रेमराजची जोडी पुढे होती, पारोळ्याला असायची तशीच.

"मगन, त्या वेळची टेप भोळी होती रे. तुझा खोकला निमूटपणे सगळ्या कॅसेटींत वाटून मोकळी झाली. हे अडून बसतं. एकट्याचं काही सगळ्यांच्या नावावर घ्यायला तयारच नाही."

"मंग काढ."

"डाव पुरा करायचा?"

मगनने हिरव्या टेबलाकडे पाहिलं. समोरच्या पोरींच्या वसतिगृहात वाळत घातलेले गणवेश खिडकीतून दिसत होते. "नको. हारेलच राहू दे. दीपमालानी बहीणनी परीक्षा बुडनी व्हती, तुले माहीत शे का? काढ."

भाईदासने खेळ काढून टाकला. मग यंत्राला पुन्हा म्हटलं, विसर. दोघांनी नकळत श्वास धरला, गाणं भरताना धरायचे तसा. लाल फुली आली नाही. यंत्र थोडा वेळ विचार करत राहिलं आणि शांतपणे बंद झालं.

चहा घेऊन दीपमाला आली तेव्हा इमेज निघायला लागली होती. पडद्यावर आकडा हळूहळू चढत होता. तिने आकड्याकडे पाहिलं, मग दोघांकडे, आणि ट्रे तसाच हातात धरून ती खुर्चीत बसली, सकाळपासून पहिल्यांदा.

"नाना, उद्या सगळ्यांत ओतून होईल?"

"उद्या संध्याकाळपर्यंत. तू पोरींना सांगून ठेव, बोटं मोकळी करून ठेवा म्हणावं."

आबा उठून आपल्या खोलीत गेले. परत आले ते हातात पत्त्यांचा एक जुना कॅट घेऊन. कपाटात असे पुष्कळ होते, गावातून आणि मास्तरांच्या खोल्यांतून जप्त केलेले. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि दीपमालाकडे न पाहता म्हणाले, "तो खेळ मी टाकला होता. बस. शेवंताबाईंना बोलाव. चार जण लागतात."

दीपमाला शेवंताबाईंना घेऊन आली आणि बसली. शेवंताबाईंनी हात पदराला पुसले आणि पत्ते असे पिसले की आबांनी भुवया उंचावल्या.

"इतकी वर्षं इथं आहात, कधी बोलल्या नाहीत!"

"आबा, तुम्ही बंदी केलेली. बोलू कशी?"

भाईदास मगनच्या समोर बसला, भिडूच्या जागी. पहिल्याच डावात शेवंताबाईंनी डावाचा जीव असलेल्या दोन दश्श्या ओढल्या. मागे पडद्यावर आकडा चढत होता. मगनला खोकल्याची उबळ आली, त्याने सवयीने गमछा तोंडावर दाबला आणि पडद्याकडे पाहिलं.

"खोक रे," भाईदास म्हणाला. "आते कॅसेट भराई नही राह्यनी."

मगन मोकळेपणी खोकला. पोटातून आलेला खोकला, पारोळ्याचा. भाईदासने हुकूम दाबून ठेवला होता, तो आता टाकला.