सोनीबाईच्या खाचरातला हवालदार

घोणसमाळच्या सावळेरामाने उभ्या जन्मात कुणाच्या झाडाचा हिरडासुद्धा न विचारता उचलला नव्हता. तरी वर्षातून चार-पाच वेळा त्याला पोलीस घेऊन जायचे, आणि ते सगळं झालं एका जीपगाडीपायी.

दोन हजार एक साली तो भीमाशंकरच्या रस्त्यावर पावसात वडापच्या, म्हणजे शीटा भरून माणसं नेणाऱ्या, जीपची वाट बघत उभा होता. वळणावरून पांढरी गाडी आली. नुसता हात केला तर जीपवाले थांबत नाहीत, आडवं उभं राहिलं तरच थांबतात, हा त्याचा अनुभव. म्हणून तो रस्त्यात उतरला. गाडी करकचून थांबली, मागच्या सहा गाड्या एकमेकींवर चढता चढता राहिल्या. पांढऱ्या गाडीत मंत्री होते. बंदूकवाला धावत आला आणि काय पाहिजे म्हणून ओरडला, तेव्हा सावळेराम एवढंच म्हणाला, "एक शीट हाय, घोडेगाव."

मंत्री हसले म्हणे. पण चौकीच्या यादीत नाव चढलं ते चढलं, 'ताफा अडवणारा इसम'. तेव्हापासून कुणीही मोठं माणूस देवदर्शनाला यायचं ठरलं, की सावळेरामाला सकाळीच घोणसमाळच्या चौकीत आणून बसवायचे आणि गाड्या घाट उतरल्या की सोडायचे. त्याला कुणी मारलं नाही की शिवी दिली नाही. चहा मिळायचा. तो कोपऱ्यात बसून दोर वळायचा. गावाची मात्र त्यातून चांगलीच सोय झाली होती. सावळेराम चौकीकडे निघालेला दिसला की लोक ओळखायचे, आज कोणीतरी येतंय. मग कुणी त्याला थांबवून विचारायचं, काय सावळेराम, मंत्री की आमदार? सगळे हसायचे, तोही हसायचा. पण त्याने लग्नकार्याला जाणं सोडलं होतं, हे त्याच्या बायकोला, सोनीबाईलाच ठाऊक होतं.

सोनीबाईचा राग साठत साठत आला आणि तिसऱ्या वर्षी ऐन आवणीत, भातलावणीच्या दिवसांत, फुटला. खाचरात चिखल करून तयार होता, भाताच्या रोपांच्या जुड्या बांधावर रचून ठेवल्या होत्या, आणि हवालदार कुंडलिक दारात येऊन उभा राहिला. हा कुंडलिक बोरी बुद्रुकचा, उसाकांद्याच्या रानात वाढलेला. स्वभावाने भिडस्त. दर वेळी तो खाली बघूनच सांगायचा की वरून आदेश आहे, आपला इलाज नाही.

"न्या," सोनीबाई म्हणाली. "पर आज माझी दोन माणसं लावणीला हायेत. एक मी, एक ह्यो. तुमी एक नेताय, तर एक ठिवून जा."

कुंडलिकला वाटलं बाई चेष्टा करते आहे. पण तिने पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं त्याच्या हातात दिलं. सोबतच्या शिपायाने सावळेरामाला चौकीकडे नेलं आणि हवालदार बुटं काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाचरात उतरला. त्याला भाताचं काही कळत नव्हतं. रोप दाबून लावलं तर बुडायचं, हलकं लावलं तर वर तरंगायचं. सोनीबाई मागून येऊन त्याची निम्मी रोपं पुन्हा लावत होती. दुपारी तिने त्याला नाचणीची भाकर वाढली, तेव्हा त्याची कंबर धरली होती आणि तो म्हणाला, वहिनी, आमच्याकडं असलं चिखलात वाकून काम नसतं. तर वाकायची सवय करा, असं ती म्हणाली. दोघंही हसली. पण घरी जाताना तो बांधावर थांबला आणि म्हणाला की हे जे चाललंय ते बरोबर नाही, तुम्ही कुठंतरी अर्ज करा.

कुठे, ते त्याला सांगता आलं नाही. ते सांगितलं शाळेच्या आरतीबाईंनी. राज्यात मानवी हक्क आयोग म्हणून नवीन निघाला आहे, पोलिसांनी किंवा सरकारी माणसाने विनाकारण त्रास दिला तर तिथे तक्रार करता येते, फी लागत नाही, वकील लागत नाही. सोनीबाईने विचारलं की तिथे ओरडतात का. आरतीबाई म्हणाल्या, नाही, ऐकून घेतात. हे काही सोनीबाईला खरं वाटलं नाही, पण आरतीबाईंनी लिहिलेल्या अर्जावर तिने अंगठा उठवला.

पाच महिन्यांनी पत्र आलं. आयोगाची बैठक पुण्याच्या सरकारी विश्रामगृहात होती. सावळेराम यायला तयार नव्हता, मोठ्या माणसांपुढे जायचं म्हटल्यावर त्याला चौकीच बरी वाटत होती. सोनीबाईने त्याला पहाटेच्या एस.टी.त बसवलं आणि खिडकीकडची जागा दिली, म्हणजे उठून पळायला नको.

आत लांब टेबलामागे आयोगाचे एक सदस्य बसले होते, पांढऱ्या केसांचे, निवृत्त न्यायाधीश. त्यांनी दोघांना आधी खुर्च्या दिल्या. सोनीबाई खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. समोर चौकीचे फौजदार होते. त्यांनी लेखी उत्तर वाचलं. सदर इसमास चौकीत कधीही बसवण्यात आलेलं नाही. तशी कोणतीही नोंद नाही. पोलीस कर्मचारी अर्जदाराच्या घरी कधीही गेलेले नाहीत.

सदस्यांनी सोनीबाईला विचारलं, साक्षीदार आहे का?

तिची नजर मागच्या बाकाकडे गेली. तिथे फौजदारांची फाईल सांभाळत कुंडलिक बसला होता. त्याला दोन लेकरं होती, हे तिला भाकर वाढतानाच कळलं होतं.

"हाय," ती म्हणाली. "पर मी नाव सांगायची न्हाई. त्याचं प्वाट हाय नोकरीवर."

सदस्यांनी तिच्या नजरेच्या वाटेने पाहिलं. मग हवालदाराला उभं राहायला सांगितलं आणि विचारलं, तुम्ही या बाईंच्या घरी कधी गेला होता? कुंडलिकने फौजदारांकडे पाहिलं, फौजदारांनी छताकडे पाहिलं.

"गेलो व्हतो, साहेब."

"कशासाठी?"

कुंडलिकने घसा खाकरला. खोटं बोलायचं ठरवून तो आला असेलही, पण ऐन वेळी जे तोंडात आलं ते खरंच आलं. "भात लावायला."

लिहून घेणारी मुलगी लिहिता लिहिता थांबली. सदस्यांनी चष्मा काढला. पोलीस खात्यात भातलावणी कधीपासून सुरू झाली, असं त्यांनी विचारलं, आणि मग धागा ओढावा तशी सगळी हकीकत बाहेर आली. ती यादी, तो चहा, 'एक शीट घोडेगाव'. ते ऐकताना सदस्य फाईल तोंडापुढे धरून बराच वेळ काहीतरी वाचत राहिले. फाईल खाली आली तेव्हा मात्र चेहरा कडक होता. त्यांनी सावळेरामाला विचारलं, तुला काय म्हणायचं आहे?

सावळेराम उठला. सोनीबाईला वाटलं, आता हा काही नाही म्हणून बसेल.

"लोक हसत्यात, साहेब," तो म्हणाला. "मी बी हसतो. पर मला हसू येत नाय."

एवढं बोलून तो बसला. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण हे वाक्य सोनीबाईनेही पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिने पदराने नाक पुसलं आणि मग रागाने फौजदारांकडे बघत राहिली.

आयोगाने सांगितलं की आम्ही शिक्षा करत नाही, शिफारस करतो. यादीतून नाव काढा, पुन्हा बसवायचं असेल तर लेखी कारण द्या, फौजदारांनी स्वतः घरी जाऊन लेखी दिलगिरी द्यावी, आणि खरं बोलल्याबद्दल हवालदाराला काहीही होता कामा नये. शिफारस म्हणजे काय ते सोनीबाईला नीट कळलं नाही. बाहेर आल्यावर ती सावळेरामाला म्हणाली की कागद घरी आला तर खरं.

कागद आला. होळीच्या आधी फौजदार स्वतः आले, टोपी काखेत धरून, आणि पाकीट सोनीबाईपुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. आपल्याला वाचता येत नाही, साहेबांनीच वाचावं, असं ती शांतपणे म्हणाली. फौजदारांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात एव्हाना निम्मी वाडी जमली होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली, पण आवाज पुटपुटल्यासारखा निघत होता.

"जरा मोठ्यानं," सोनीबाई म्हणाली. "माझ्या सासूला कमी ऐकू येतं."

फौजदारांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सावळेराम सीताराम हे निर्दोष असून त्यांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. म्हातारी साळुबाई उंबऱ्यात बसली होती. तिने कानामागे हात धरला आणि दिलगीर म्हणजे काय ते विचारलं.

"चुकलं म्हणत्यात," कुणीतरी तिला सांगितलं.

"कोण म्हणतंय?"

"फौजदार म्हणत्यात."

म्हातारी मुलाकडे बघत राहिली. सावळेराम गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता, हात कुठे ठेवावेत हे त्याला सुचत नव्हतं. कुणीही हसलं नाही. मग तोच पुढे झाला, घडवंचीवरचं घोंगडं झटकून अंथरलं आणि फौजदारांना म्हणाला, बसा राव, चहा घेऊन जावा.