वळणावरचा क्रूस

मोगऱ्याच्या टोपलीवर ओलं फडकं.

चार जागी टेकणारा उजवा हात: कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा.

पितळेचा स्क्रू, करंगळीच्या नखाएवढा.

संगमरवराची पाटी. तिच्यावर दुसऱ्याच घराचं नाव.

लग्नाचा पांढरा झगा, शिलाईवालीकडे अर्धा शिवलेला. बाह्या अजून लागायच्यात.

"अंकल, परत हलली."

आग्नेल स्कूटरखालून बाहेर सरकला. गॅरेजच्या दारात ग्लेन उभा होता, त्याचा होणारा जावई. लग्न मे महिन्यात होतं. ग्लेनची गाडी साडेतीनशे सीसीची, दोन सिलिंडरची, वांद्र्याहून जुनी घेतलेली. बोळिंजच्या वाड्यांमधल्या चिंचोळ्या रस्त्यांना ती शोभायची नाही. रेस दिली की मांडीखाली रेडा उधळल्यासारखी सुटायची.

"कुठे हलली?"

"तिथंच. क्रुसाच्या वळणावर. पुढचं चाक बोलतं मी इकडे, मागचं बोलतं मी तिकडे. इझाबेल किंचाळलीच मागे."

इझाबेलचं नाव निघालं आणि आग्नेलने हातातला पाना खाली ठेवला. एकुलती एक पोरगी. त्या सीटवर आता जन्मभर तीच बसणार होती.

तसं पाहिलं तर त्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे झिजलेले बुश काढून लेथवर नवे कातवून बसवले. पुढच्या शॉकअपमध्ये जाड तेल भरलं, मागचे कडक केले. हँडलच्या मुळाशी असलेला कोनसेट बदलला. दोन्ही चाकांना दोरी लावून ती एका रेषेत आणली. स्वतः चालवून बघितली, तर वळणात गाडी अशी झुकायची की जणू रस्त्यानेच तिला कडेवर घेतलंय. आणि ग्लेन बसला की हलायची.

"चल, मी मागे बसतो," आग्नेल म्हणाला.

वळण आलं. आतल्या बाजूला चुना लावलेला क्रूस, पायथ्याशी मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण. गाडी झुकली आणि तेवढ्यात ग्लेनचा उजवा हात मुठीवरून उचलला गेला. कपाळ, छाती, खांदा, खांदा. मोकळी सुटलेली रेसची मूठ आपोआप मागे फिरली, इंजिनाचा आवाज घशात अडकला, सगळा भार पुढे आला आणि हलकं झालेलं मागचं चाक कुत्र्याच्या शेपटीसारखं वळवळलं.

"थांबव! थांबव, गाढवा!"

हे आग्नेलच्या ध्यानात येणार तरी कसं? तो स्वतः त्या क्रुसासमोर हात उचलतच नव्हता. क्रूस वळणावर आला त्या वर्षापासून तो तिथून तोंड फिरवून जायचा. गाव म्हणायचं, फादरशी बिनसलंय. त्याची बायको लुसी म्हणायची, सैतान बसलाय डोक्यात.

"वळणात रेस धरून ठेवायची असते रे. सोडलीस की मागचं अंग उचलतं. तिथे दोन्ही हात मुठीवर पाहिजेत."

ग्लेनने गाडी स्टँडवर लावली. "क्रुसासमोर, अंकल?"

रात्री जेवताना आग्नेलने विषय काढला आणि लुसीने डाव भांड्यात आपटला.

"वा! स्वतः करत नाय ते नाय, आता जावयाचं पन बंद करायला निघाला."

"मागे बसून मी करीन ना दोघांच्या वाट्याची खूण," इझाबेल म्हणाली.

"तुझी तू कर. त्याची त्याने," लुसी म्हणाली.

"मग वळणाआधी हळू तरी घे म्हणावं."

इझाबेल खळखळून हसली. "पप्पा, हळूच जायचं तर तुझी सायकल काय वाईट होती?"

तिथे त्याने अडून बसायला हवं होतं. पण माणसांपेक्षा लोखंड लवकर ऐकतं, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. मुठीच्या खाली एक पितळेचा स्क्रू असतो. तो पिळला की मूठ जड होते. सोडली तरी मागे फिरत नाही, आहे तिथेच राहते. आग्नेलने तो पिळला.

मग प्रश्न आला तपासायचा. वळणात हात उचलल्याशिवाय कळणार कसं? आणि नुसता उचलून चालणार नव्हतं; ग्लेनला लागतो तेवढाच वेळ तो वर राहायला हवा होता. तेव्हा आग्नेल गाडी घेऊन गेला, क्रुसासमोर झुकला आणि इतक्या वर्षांनी त्याचा हात कपाळाला लागला. छाती, खांदा, खांदा. गाडी तसूभर हलली नाही. खात्री करायला तो मागे फिरला आणि परत आला. परत कपाळ, परत छाती.

क्रुसाच्या पायरीवर बेटी मावशी मोगऱ्याची टोपली टेकून बसली होती. ती उठून रस्त्यातच आली.

"आग्नेला! आलास रे बाबा घरी!"

दिवेलागणीला ही बातमी वाड्यावाड्यांतून फिरली होती. लुसीने रडत रडत मेणबत्ती लावली आणि कोंबडी कापली. आपण फक्त स्क्रू तपासत होतो, हे तिला सांगायचं धाडस आग्नेलला झालं नाही. तो जेवला. दुसरी तंगडीही मागून घेतली.

लग्नाआधी तीन रविवारी चर्चमध्ये नावं पुकारतात, तो पुकारा दोन रविवारी झाला. तिसरा राहिला होता.

शनिवारी दुपारी ग्लेन आणि इझाबेल झग्याचं माप द्यायला निघाले. वळणावर समोरून केळ्यांचा टेम्पो आतून कापत आला. ग्लेनचा हात छातीवर होता. ब्रेक उजव्या मुठीशी, आणि रेस उघडीच. गाडी डगमगली नाही. आग्नेलने लावून दिलेल्या रेषेवरून ती सरळ टेम्पोत गेली.

टेम्पोवाला वाचला. पोलिसांना म्हणाला, "साहेब, काय करनार? माझा पन हात कपालाला होता."

ग्लेन जागीच गेला. इझाबेलचा उजवा पाय डॉक्टरांनी गुडघ्याच्या वर कापला. शिलाईवालीने निरोप धाडला: बाह्या लावू, की कापड परत देऊ?

पोलिसांनी गाडी ओढून नेली होती. असली गाडी दुसऱ्या कुणाला कळत नव्हती, म्हणून हवालदाराने आग्नेललाच बोलावलं.

"बघ रे, गाडीत काही खोट होती का?"

हँडल वाकलं होतं, पण मूठ शाबूत होती. आग्नेलने ती फिरवून सोडली. ती राहिली तिथेच. हवालदार तंबाखू मळत होता. आग्नेलने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्क्रू सैल केला. टप्प. मूठ जागेवर गेली.

"काय झालं?"

"काय नाय, साहेब. गाडी बरोबर आहे."

मातीच्या दिवशी ग्लेनची आई कार्मिन आग्नेलचे दोन्ही हात धरून बसली. "देवाची खून करताना गेला माझा पोरगा. असं मरन कोनाला येतं? आनि तुला परत देवाकडे आनलं ते त्यानेच, आग्नेल." बायकांनी माना डोलावल्या. हात काळे होते, ग्रीसने. कार्मिनने त्यांचा मुका घेतला.

इस्पितळात इझाबेल भिंतीकडे तोंड करून पडायची. एका संध्याकाळी ती आपणहून वळली.

"पप्पा, तुझ्या मनात येत असेल, म्हणून सांगते."

"काय गं?"

"गाडी हलली नाय. जराशी पन नाय."

आग्नेलने तिच्या पायावरची चादर सारखी केली. जिथे पाय नव्हता तिथलीसुद्धा.

आता तो सायकलने गॅरेजला जातो. वळणावर बेटी मावशी टोपली घेऊन बसलेली असते आणि वाट बघते. त्याने हात उचलला नाही तर ती विचारील, का रे? म्हणून तो उतरतो, सायकल मांडीला टेकवतो. कपाळ, छाती, खांदा, खांदा.

क्रूस पूर्वी सरळ रस्त्यावर होता. रुंदीकरणात तो हलवायची वेळ आली तेव्हा वळणावरची जागा आग्नेलने आपल्या वाडीतून दिली. क्रुसाखालच्या पाटीवर नाव लागलं ते संगमरवर देणाऱ्याचं.